शॉर्टस्टॉपकडे गेलेला एक चेंडू

सेंट ओडिलिया, मिनेसोटा
बुधवार, दुपार

प्रिय ओटिलीताई,

तुला आठवतं का, शनिवारी संध्याकाळी आपण दोघी मागच्या पायरीवर बसून सगळ्या घराचे बूट रविवारसाठी चकचकीत करायचो? बाबांचा रेडिओ खिडकीत असायचा, तुझा एक कान त्या रेडिओत, आणि मी दर पाच मिनिटांनी विचारायची, "कोण जिंकतंय?" एकदा तू माझ्या नाकाला तपकिरी पॉलिश फासलंस आणि म्हणालीस, "गप बस, दोन बाद आहेत." ते पॉलिश नीट निघालं नाही आणि मी तशीच दुसऱ्या दिवशी मिस्साला गेले. (सिस्टर कुनेगुंडांना वाटलं मी उपास मोडून, चॉकलेट खाऊन प्रभूभोजनाला आले. त्याची शिक्षा मला झाली, तुला नाही.) दोन बाद असले की गप्प का बसायचं, हे कळायला मला पुढे अठ्ठावन्न वर्षं लागली. आणि कळलं तेव्हा मी गप्प बसले नाही. पत्र त्याबद्दलच आहे.

पण आधी तुझ्या नव्या गुडघ्याला नमस्कार, मग तुला. ॲरिझोनाचं ऊन त्याला मानवतंय ना? जिना उतरताना चांगला पाय आधी टाकतेस की नवा, ते कळव, कारण इथे त्यावरून दोन बायकांचं भांडण झालंय. आम्ही ठीक आहोत. लिनसचा उजवा हात अजून झोपलेलाच आहे. डाव्या हाताने तो आता शर्टाची वरची दोन सोडून सगळी बटणं लावतो, आणि वरची दोन मी लावते तेव्हा छताकडे बघत उभा राहतो. शब्द थोडेच परत आलेत. त्यातला सगळ्यात स्वच्छ येतो तो "नको."

तुला ठाऊकच आहे की एकेचाळीस वर्षं आपल्या गावच्या बेसबॉल संघाची गुणांची वही लिनसने लिहिली. दर रविवारी मिस्सा, जेवण, आणि मग फलंदाज उभा राहतो त्या होम प्लेटमागच्या लाकडी खोपटीत तीन तास पेन्सिल. मी त्या तीन तासांत घरी पडदे ओढून वाचत बसायची, आणि खरं सांगायचं तर आमचा संसार सुखाचा झाला त्यात त्या तीन तासांचा वाटा मोठा आहे. यंदा ईस्टरआधीच्या उपवासकाळात त्याला अर्धांगाचा झटका आला. मे महिन्यात संघाचा व्यवस्थापक डेल्मर स्टाइन टॅब्लेट घेऊन आमच्या स्वयंपाकघरात आला आणि फार गोड आवाजात सांगू लागला की आता सगळं यावरच लिहितात, लिनसने आराम करावा. लिनसने समोरची केकची बशी हळूच बाजूला सारली. ताई, त्या माणसाने आपल्या बाबांच्या अंत्यविधीच्या दिवशीसुद्धा केक सोडला नव्हता. मी म्हणाले, "वही मी लिहीन. तो सांगेल, मी लिहीन."

"वहिनी, तुम्ही?" डेल्मर म्हणाला. "चाळीस वर्षांत तुम्ही मैदानावर आलात त्या फक्त लॉटरीची तिकिटं विकायला."

"मग तिकिटं विकणारीला बेरीज येते, एवढं तर मान्य कर."

त्याने मान्य केलं, पण अट घातली. या मोसमात एक जरी तक्रार आली तरी वही बंद आणि टॅब्लेट सुरू. आणि दारातून जाताना म्हणाला, "आणि वहिनी, थीलेन-हिट नकोत." थीलेन हे आमचंच आडनाव, पण त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

तर मी शिकायला बसले. ताई, हा खेळ कुणी रचला? संन्यासिनींनी रचला असता तर निदान सुसंगत झाला असता! तीन वेळा चुकला की फलंदाज बाद. छान. पण तिसऱ्या वेळी मागच्या माणसाच्या हातून चेंडू निसटला, तर हा बाद झालेला माणूस पहिल्या बेसकडे, म्हणजे पहिल्या थांब्याकडे, पळत सुटू शकतो, आणि पोचला तर बाद नाही. (पण पहिल्या बेसवर आधीच कुणी उभं असेल तर पळायचं नाही. दोन बाद असतील तर मात्र पळायचं. मी लिनसला विचारलं, का? त्याने डावा खांदा उडवला. आपल्याला त्रैक्याचं रहस्य शिकवताना फादर असाच खांदा उडवायचे.) चेंडू रेषेबाहेर मारला तर ती चूक धरतात, दोनदा धरतात, आणि तिसऱ्यांदा धरत नाहीत. दिवसभर बाहेर मारत राहिलं तरी चालतं. चेंडू मारलेला नसतानाच पळून पुढच्या बेसची चोरी करता येते, ती वहीत चोरी म्हणूनच लिहितात, आणि चोराचं कौतुक होतं. पण पिचरने नुसतं चेंडू टाकायचं सोंग केलं तर तो अपराध, त्याची शिक्षा सगळ्या संघाला. म्हणजे चोरी चालते, सोंग चालत नाही. यावर मी आठवडाभर विचार केला आणि मला ते पटायला लागलं, ही भीतीची गोष्ट आहे.

तीन चुकांनी बाद होणाऱ्याला 'के' लिहायचा. पण जो बॅट न फिरवता नुसता बघत उभा राहून बाद होतो, त्याचा 'के' उलटा, भिंतीकडे तोंड करून. मला तो उलटा 'के' फार आवडतो. (आमच्या वर्गात अशा पाच जणी तरी होत्या.) आणि दुसऱ्याला पुढे सरकता यावं म्हणून जो स्वतः बाद होतो, त्याच्या नावावर ती पाळी मोजतच नाहीत. त्याग म्हणून वेगळी लिहितात. मी लिनसला म्हणाले की हा एक नियम जरी आधी सांगितला असतास तरी मी तीस वर्षांपूर्वी आले असते. तो हसला. अर्ध्याच तोंडाने, पण हसला.

आमची पद्धत अशी ठरली. तो शेजारी बसतो आणि टेबलावर डाव्या हाताने टकटक करतो. एक टकटक म्हणजे हिट, दोन म्हणजे एरर. कारण फलंदाज बेसवर पोचला, तर तो स्वतःच्या गुणाने पोचला की क्षेत्ररक्षकाच्या चुकीने, हे वही लिहिणाऱ्यानेच ठरवायचं असतं. मैदानावरच्या फळ्यावर दोन दिवे आहेत, 'एच' आणि 'ई', आणि त्यांची बटणं आमच्या टेबलाखाली. नियम म्हणतो, साधारण प्रयत्नाने चेंडू अडवता आला असता तर एरर. साधारण म्हणजे किती, ते पुस्तकात कुठेही नाही.

जुलैत मला थीलेन-हिट म्हणजे काय ते कळलं. जुन्या वह्या वाचता यायला लागल्यावर मी आपल्या जेरार्डच्या वाटेची पानं चाळली. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये, शॉर्टस्टॉपच्या जागी, तो सतरा मोसम उभा आहे, आणि सतरा मोसमांत त्याच्या नावावर एकही एरर नाही. एकही! जिथे सुटला तिथे लिनसने समोरच्याला हिट लिहिलेली. ज्या मुलाच्या हातून आमच्या घरात चौदा काचेचे पेले फुटलेत, त्याच्या हातून चेंडू मात्र कधीच सुटला नाही. सगळ्या परगण्याला हे माहीत होतं आणि कुणीही मला बोललं नव्हतं. मी लिनसकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "नको."

आता गेला रविवार. न्यू बिंगनशी सामना, सातव्या डावाचा मध्य. मला दिसलं की आमचा पिचर वेंडेल (डेल्मरचाच मुलगा, दिवसा नळ दुरुस्त करतो, आपल्याकडचा बाथरूमचा नळ त्यानेच बसवला) बाकावर अगदी एकटा बसलाय. त्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार माणसांची जागा रिकामी. बाकीचे त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत. मला वाटलं, भांडण झालं बिचाऱ्याचं. म्हणून मी लिनसला पेन्सिल सांभाळायला दिली, रुबार्बच्या आंबटगोड वड्यांचा डबा घेतला, थेट त्याच्याशेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, "वेंडेल, बाळा, कुणी काही बोललं का तुला? तू तर इतका छान टाकतोयस. मी वहीत पाहिलं, अजून एकालाही तुझ्या चेंडूवर हिट मिळालेली नाही."

वेंडेलने हातातली वडी माझ्या डब्यात परत ठेवली. डेल्मरने टोपी काढून तोंडावर धरली. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे देवा, म्हातारी बोलली." आणि जेरार्ड, माझा स्वतःचा मुलगा, वाकून वाकून हसायला लागला. नऊ डाव, म्हणजे सगळा सामना, एकही हिट न देणं हे म्हणे इतकं दुर्मीळ असतं की ते घडत असताना कुणी उच्चारायचं नाही, पिचरजवळ बसायचं नाही, त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. आमच्या गावात अशी गोष्ट एकोणतीस वर्षांत झाली नव्हती. हा नियम पुस्तकात नाही. मी सगळं पुस्तक वाचलं होतं.

पुढच्याच डावात, दोन बाद असताना, चेंडू जमिनीवरून जेरार्डकडे आला. फार जोरात नव्हता. तो वाकला, चेंडू उसळला आणि त्याच्या मनगटावरून मागच्या गवतात गेला. फलंदाज पहिल्या बेसवर. आणि सगळं मैदान वळून आमच्या खोपटीकडे बघायला लागलं. हिट दिली तर वेंडेलचा एकोणतीस वर्षांतला चमत्कार संपला, डेल्मरची तक्रार आली आणि लिनसची खुर्ची गेली. एरर दिली तर सतरा मोसमांत पहिल्यांदा जेरार्डवर डाग, आणि तो लावणारी त्याची आई.

लिनसने टकटक केली. एकदा.

जेरार्ड खालून ओरडला, "आई, उसळला तो! तू पाहिलंस ना?"

मी पाहिलं होतं. चेंडू यायच्या आधी तो अजून माझ्याकडे बघून दात काढत होता, हेही पाहिलं होतं. लिनसने परत एकच टकटक केली, या वेळी जरा जोरात. मी टेबलाखाली हात घातला आणि 'ई' लावला.

वेंडेलने पुढचे सगळे बाद केले. शेवटी त्याला खांद्यावर घेतलं, फादरांनी घंटा वाजवली, आणि डेल्मर आमच्या दारात येऊन हातात टोपी धरून म्हणाला, "वहिनी, स्वतःच्या पोरावर! बास झालं मग. वही तुमची, तुम्हाला पाहिजे तितके मोसम." म्हणजे खुर्ची राहिली, ताई. ज्यासाठी हे सगळं केलं ते झालं. आनंदच आहे.

सगळ्यांना प्रेम. जिन्यावर कठडा धर.

तुझी,
मार्सेला

ता. क. लिनस माझ्याशी बोलत नाही. आधीही तो फार बोलत नव्हता, त्यामुळे अबोला धरलाय हे कळायलाच मला दीड दिवस लागला. बटणं लावताना तो आता छताकडे नाही, डोळे मिटून उभा राहतो. जेरार्डचं काही नाही, तो सोमवारीच जेवायला आला आणि दोनदा वाढून घेतलं. तू लिनसला एक चिठ्ठी लिही. म्हण की कुणाकडून तरी फोनवर ऐकलंस आणि तुझ्या मते ती एररच. खेळाच्या बाबतीत तो जगात फक्त तुझं मानतो. (आमचं ठरायच्या आधी तो आपल्या घरी मला बघायला यायचा की तुझ्याशी वाद घालायला, हे मला अजून नक्की ठाऊक नाही.) मी सांगितलं म्हणून कळवू नकोस.

ता. क. २. वरची चिठ्ठी लिहू नकोस. सोमवारी सकाळी मी एकटीच मैदानावर गेले होते. जेरार्ड उभा राहतो तिथे, बरोबर पुढे, मातीत रुतलेला एक खडा होता, अक्रोडाएवढा, आणि त्याच्या एका कडेला चेंडूच्या चामड्याचा पांढरा ओरखडा. ओरखडा त्या चेंडूचा की कुठल्या जुन्या, ते देवाला माहीत. आमच्या लीगमध्ये निर्णय बदलायला चोवीस तास असतात. मी तो खडा स्वयंपाकघरात टेबलावर ठेवला आणि संध्याकाळपर्यंत त्याच्यासमोर बसून वाटाणे सोलले. मग संध्याकाळची घंटा झाली, चोवीस तास झाले, आणि मी वाटाणे शिजायला टाकले. वेंडेलचं मीच बोलून नासवलं होतं ना, ताई. शनिवारी फादरांना सांगीन, पण फादर न्यू बिंगनचे आहेत, म्हणून आधी तुला सांगते.

ता. क. ३. सोबतच्या पुडक्यात वड्या आहेत. निम्म्या तुझ्या, निम्म्या तुझ्या गुडघ्याच्या डॉक्टरांना. वड्यांची कृती लिहिलेला कागद डेल्मरच्या बायकोला पाठवायचा आहे, पण माझ्या अक्षरात नको, तू उतरवून पाठव. तळाशी मोज्यात गुंडाळलेला तो खडा आहे. मोजा लिनसचा आहे, तो तेवढा परत पाठव, जोड मोडलाय. खडा तुझ्याकडे ठेव. मी आधी गेले तर तो लिनसला दे आणि सांग की त्याची टकटक बरोबर होती. लिनस आधी गेला तर जेरार्डला दे. वेंडेलला मात्र कधीही नको.