मोडलेल्या काट्याची खळी

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पाकिटावर माझं अक्षर पाहून कुणीतरी गेलं असं तुला वाटेल. कुणी गेलेलं नाही. तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तरी माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस, म्हणून लिहितो आहे. शिवाय सोबत चिलटं पाठवायची होती.

आमच्या अळिंबीच्या चारही शेड धोक्यात आहेत. पलीकडच्या एका उत्पादकाचे सगळे बेड काळ्या चिलटांच्या अळ्यांनी फस्त केले. तेव्हापासून शेतीखात्याचा तपासनीस एकेक शेड पालथी घालतो आहे. माणूस तरुण, गळ्यात भिंग, काखेत तुझं पुस्तक. आमच्याकडे चिलटं आहेत हे मी लपवलं नाही. ती पहिल्यापासून आहेत, आणि सडक्या पेंढ्याखेरीज कशाला तोंड लावत नाहीत. त्यानं दोन पकडून कचेरीत नेली आणि आठ दिवसांनी हुकूम पाठवला, की ही तीच खादाड जात. तीस तारखेच्या आत सगळे बेड वाफेनं मारून पुरायचे, आणि बाटल्यांमधलं मूळ बियाणंही नष्ट करायचं.

बेड मी पुन्हा भरीन. ते बियाणं मात्र एकोणीस वर्षं निवडत निवडत तयार केलंय, ते दुसरीकडे कुठेही नाही. ते गेलं तर या वयात मी पुन्हा सुरुवात करणार नाही, हे तुला आत्ताच सांगून ठेवतो.

तपासनीस म्हणतो की तुझ्या सहीचा दाखला आणला तर हुकूम मागे घेता येईल. निवृत्त झालीस तरी चिलटांच्या बाबतीत अजून तुझाच शब्द चालतो म्हणे. शेडमध्ये टांगलेली एक चिकट पट्टी पाठवतो आहे. बघ, आणि काय दिसतं ते लिही. दुसरं काही मागत नाही.

लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवायची घाई नाही.
तुझा,
धाकटा


९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पाकीट पोचलं आणि बऱ्याच दिवसांनी माझी करमणूक झाली. बावीस वर्षं चिलटांपासून लांब राहिलं की माणूस किती कोरा होतो, ते मला बघायला मिळालं. चिकट पट्टी पाठवतोस? पाय डिंकात, पंख दुमडलेले, मिशा तुटलेल्या. अर्धा दिवस पेट्रोलचा वास घेत मी ती पट्टी धुतली आणि हाती काय लागलं, तर सात माद्या. मादीवरून जात सांगता येत नाही हे तुला मीच शिकवलं होतं. सगळ्या एका साच्यातल्या. ओळख असते नराच्या शेपटाशी असलेल्या पकडीत, तिच्या टोकाला काटे किती आणि कसे बसलेत यात. एवढं तरी लक्षात ठेवायला हरकत नव्हती.

तुझ्या तपासनिसाबद्दल काय बोलावं. भिंगातून ते काटे दिसत असते तर मी चाळीस वर्षं सूक्ष्मदर्शकावर डोळे कशाला फोडले असते? पुस्तक काखेत धरल्यानं अक्कल काखेतून वर चढत नाही. असल्या दिवट्यांच्या सह्यांवर लोकांच्या शेड पाडायच्या असतील तर खात्यानं सरळ चिठ्ठ्या टाकाव्यात.

आमच्या कीटक-संग्रहालयातही वेगळी तऱ्हा नाही. मला कोपऱ्यातलं एक टेबल ठेवलंय, तेही मी मरत नाही म्हणून. माझ्या जुन्या खोलीत आता एक डॉक्टरीणबाई बसते. ती चिलट कुटून यंत्रात घालते आणि यंत्र डीएनएच्या अक्षरांची लांबलचक माळ ओकतं. परवा मी तिला सांगितलं की आधी चिलट अख्खं बघावं, मग कुटावं. तिनं मला चहा विचारला.

नर पाठव. अल्कोहोलमध्ये, कुपी काठोकाठ भरून, म्हणजे आत हिंदकळणार नाहीत. आणि तुझं ते जुनं प्रकरण पत्रात आणू नकोस. आणलं नाहीस ते बरं केलंस, पण मी तुला ओळखते.

तब्येत जप, रागावणं माझ्याकडे सोपव.
ताई


१२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सहा नर पाठवले आहेत. कुपी काठोकाठ भरली आहे. मी आणि तुझी भावजय दोघांनी नळीनं ओढून पकडले, त्यात तिनं दोन चिलटं गिळली. ती माद्या होत्या की नर ते सांगता येत नाही.

जुनं प्रकरण मी आणलेलं नाही. ते तूच आणलंस.

तीस तारीख लक्षात असू दे.
धाकटा


१७ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

सहापैकी एक नर कॉस्टिकमध्ये घालून, लवंगेच्या तेलातून काढून काचेवर बसवला. पंखातली शीर पुढे दुभंगलेली, मिशांच्या वर दोन्ही डोळे जोडणारा पूल, सगळं नेहमीचंच. पकडीला काटे तीन दिसतात. खादाड जातीला पाच असतात. पण वरची काच ठेवताना दोन मोडले असावेत, होतं असं. पुस्तकातल्या माझ्या ओळखकिल्लीनं, म्हणजे एकेक खूण जुळवत, गेलं तर उत्तर एकच येतं. खादाड जात. बाकीचे पाच बसवायची गरज वाटली नाही. वाफेची सोय कर.

आता तू मनात काय म्हणशील ते मला इथे ऐकू येतंय. तुझी ती स्लाइड अजून माझ्या कपाटात आहे. बावीस वर्षांपूर्वी तू तीन काट्यांचं चिलट सापडल्याचा डंका पिटलास, नवी जात म्हणून छापलंस, आणि वर तिला माझं नाव दिलंस. स्वतःचं नाव स्वतःच्या चिलटाला देता येत नाही असा आमच्यात नियम आहे, म्हणून भावानं बहिणीची सोय केली असं लोक म्हणाले. तुझी ती एकुलती एक स्लाइड एवढी दाबलेली, की पकड पोळीसारखी पसरली होती. दोन काटे दाबून मोडले, ही खादाड जातच, वेगळं नाव रद्द, असं मी एका परिच्छेदात लिहिलं आणि विषय संपवला. तू हे क्षेत्र सोडून पेंढा भिजवत बसलास तो तुझा तोरा. मी माझ्या नावालाही सूट दिली नाही, याचं कौतुक व्हायला हवं होतं.

बियाण्याचं वाईट वाटतं. पण वाईट वाटलं म्हणून काटे वाढत नाहीत.

जेवणखाण वेळेवर करत जा.
ताई


१९ मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र यांनी वाचलं, घडी घातली आणि शेडमध्ये निघून गेले. मी मागून जाऊन पाहिलं तर बियाण्याच्या बाटल्या पुसत होते. पुरायच्या बाटल्या कोण पुसतं?

मला तुमच्यातलं काही कळत नाही. इतकी वर्षं या घरात राहून चिलट आणि डास यांतला फरक मी शिकले तो फक्त चावतं की नाही यावरून. पण एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही ती सांगते. हे दर वर्षी एकदा शेडमधलं एक नर चिलट पकडतात, दार लावून बसतात आणि त्याची काच बनवतात. कुणाला दाखवत नाहीत, कुठे पाठवत नाहीत. बिस्किटांच्या डब्यात ठेवून देतात. मी एकदा विचारलं होतं की कशाला. तर म्हणाले, हात विसरू नये म्हणून.

काल मी म्हटलं की तो डबा ताईंना पाठवा. यांनी साफ नाही म्हणून सांगितलं. शेड गेल्या तरी चालतील, पण त्या गोष्टीसाठी मी तिच्या दारात उभा राहणार नाही, असं म्हणाले. बहीण-भाऊ एकाच घाण्याचं तेल, एवढंच मी मनात म्हटलं.

तर डबा मीच पाठवते आहे, यांना न विचारता. एकवीस काचा आहेत. प्रत्येकीवर तारीख आहे. कापसात गुंडाळल्या आहेत आणि मी डब्यावर तीन ठिकाणी नाजूक असं लिहिलं आहे. तुम्ही माझ्या नवऱ्याला गेली बावीस वर्षं टाकून बोलता आहात. मी मध्ये पडले नाही, कारण तुम्हा दोघांना त्यात गोडी वाटते असं समजत होते. आता मात्र आधी एकवीसच्या एकवीस बघा आणि मग बोला.

चूकभूल पोटात घालावी, डबा मात्र परत पाठवावा.
आपली,
भावजय


२५ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

डबा तुझ्या बायकोनं पाठवला, तिच्यावर ओरडू नकोस. आपल्या घराण्यात एवढी एकच शहाणी आहे आणि तीही बाहेरून आणलेली.

चार दिवस एकवीस काचा पाहिल्या. एकही दाबलेली नाही. पकड गोल, जिथल्या तिथे. एकवीस नर, प्रत्येकाला तीन काटे. आणि आता जे लिहिते ते नीट वाच, कारण मी ते पुन्हा लिहिणार नाही. काटा मोडला की त्याच्या मुळाशी खळी उरते. काटा होता याची तेवढीच खूण. तुझ्या एकाही काचेवर चौथी-पाचवी खळी नाही. मग कपाट उघडून तुझी जुनी दाबलेली स्लाइड काढली. तिच्यावरही चौथी खळी नाही. ते दोन काटे मोडले नव्हते. ते कधी नव्हतेच. हे बघायला मला बावीस वर्षांपूर्वी पाच मिनिटं लागली असती.

मी बघितलं नाही. कडक तपासलं असं सगळ्यांना सांगत आले, पण तपासलंच नाही. भावानं बहिणीला मिरवलं असं लोक हसतील, या भीतीनं मी तुझी जात रद्द केली आणि त्याला निःपक्षपातीपणा म्हटलं. असला भेकडपणा दुसऱ्या कुणी केला असता तर मी त्याची चामडी सोलून स्लाइडवर बसवली असती.

तुझ्या तपासनिसाच्या कचेरीला फोन करून टिपण मागवलं. तो दिवटा नाही. दोन्ही नर त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि काटे तीन असंच प्रामाणिकपणे लिहिलं. पुढे लिहिलं, की पुस्तकाप्रमाणे उरलेले दोन मोडलेले समजावेत. माझ्या किल्लीत तशी तळटीप आहे. तो माझ्या मागोमाग एकेक पाऊल चालला आणि मी खणलेल्या खड्ड्यात तुझ्या चार शेड घेऊन पडला.

अजून एक. तू पाठवलेल्या सहापैकी मी एकच बसवला, ते गरज नव्हती म्हणून नव्हे. माझा हात दोन वर्षांपासून कापतो. ती काच मी दाबली, अगदी पोळी केली. बाकीचे पाच कुपीतून काढायचं धैर्य झालं नाही. डॉक्टरीणबाईला विचारता आलं असतं, पण तिनं पुन्हा चहा विचारला असता.

सोबत दाखला आहे, कचेरीला दुसरी प्रत थेट पाठवली आहे. जात वेगळी, पेंढा खाणारी, अळिंबीला निरुपद्रवी, नाव तू दिलेलंच. मी ते रद्द केलं ही चूक होती, असं स्वच्छ शब्दांत मासिकालाही कळवलं आहे. स्वतःच्या नावाचं चिलट म्हातारपणी स्वतःच उठवून बसवलं म्हणून लोक हसतील. हसू देत.

तुझी जुनी स्लाइड उघडून नव्यानं बसवायला हवी, नाहीतर पुढचा कुणी अतिशहाणा पुन्हा तेच लिहील. माझ्यानं होणार नाही. तू येशील का? मी शेजारी बसून चुका काढीन.

रागावला असलास तर तो राग घेऊनच ये, इथे जागा आहे.
ताई


३० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

शेड उभ्या आहेत. तपासनीस काल हुकूम परत घ्यायला आला, पण आधी त्यानं माझ्याकडून एक नवी स्लाइड करवून घेऊन काटे स्वतः मोजले. तुझा दाखला होता तरी मोजले. मला पोरगा आवडला. मग अर्धा तास त्याचा अर्ज अडला, कारण छापील यादीत तुझ्या नावाचं चिलट नाही आणि इतर या रकान्यात उपद्रवीच लिहावं लागतं. शेवटी त्यानं समासात तुझं नाव लिहिलं आणि पुढे निरुपद्रवी असा शेरा मारला. तुझ्या भावजयीनं तो दोनदा वाचून घेतला आणि इतकी हसली, की आत जाऊन बसावं लागलं.

रविवारी येतो. सुया आणि काच चिकटवायचं बाल्सम माझं मी आणीन, तुझं वाळून दगड झालं असेल. त्या डॉक्टरीणबाईलाही बोलाव, तिला एक अख्खं चिलट बघू दे.

बावीस वर्षं एक गोष्ट तुला सांगितली नाही. ती स्लाइड दाबलेली आहे हे तेव्हाच मला दिसत होतं. दुसरी बनवायला हवी होती. पण मासिक छापायला जायला दोनच दिवस उरले होते, आणि तो अंक तुझ्या वाढदिवसाच्या दिवशी निघणार होता.

माझ्या वाटणीची माफी तिथे आल्यावर मागीन, तोवर ही उधार धर.
तुझा,
धाकटा