कासीमचं उद्या लिही

औरंगाबाद,
ता. ११ मार्च १९८३

चि. बन्सीस,

बद्रीनाथचे आशीर्वाद. इकडं सगळे बरे आहेत असं लिहायची रीत आहे, पण मीनाक्षीच्या कपाळाला तीन टाके पडलेत. ते का, हे पुढं येईल. तुझ्या मंडळींचा, सरूबाईंचा, गुडघा कसा आहे? पिशोरला यंदा गहू चांगला झाला, असं कानावर आलं.

पस्तीस वर्षांत तुला पत्र नाही. लग्नपत्रिका मी पत्रात धरत नाही.

आपल्या गावाचं पुस्तक लिहितोय हे तुला कळलंच असेल. रझाकारांचं वर्ष आणि पोलीस ॲक्शन. अकरा वर्षं चाललंय. कचेरीत नकलनवीस असताना लागलेली सवय इथंही सुटली नाही. उठण्याआधी उद्या काय लिहायचं ते चिठ्ठीवर खरडायचं आणि चिठ्ठी बाभळीच्या काट्यानं पानाला टोचून ठेवायची. कचेरीत तिला याददाश्त म्हणायचे. ‘वडिलांना कुठं गाठलं ते लिही.’ ‘जळक्या कडब्याचा वास विसरू नको.’ तेवढं लिहून झालं की चिठ्ठी फाडायची. सगळं पुस्तक असंच पुढं ढकललं.

शेवटच्या प्रकरणाची चिठ्ठी मात्र फाटली नाही. तिच्यावर दुसरी चढली, मग तिसरी.

छापखान्यासाठी मीनाक्षीनं स्वच्छ नक्कल केली. नकलनविसाचीच पोरगी. दिसलं ते उतरवलं, चिठ्ठ्यांसकट. तिच्या गोल अक्षरात मी वाचलं: ‘कासीमचं उद्या लिही. आज डोकं दुखतंय. कासीमचं उद्या. जमावानं मारलं असं लिहिलंस, जमाव म्हणजे कोण? कासीमचं उद्या. कुऱ्हाड कुणाच्या हातात होती ते लिही, हरामखोरा.’

तिनं विचारलं, “बाबा, कुणाच्या हातात होती?”

मी पितळी दौत उचलून तिला फेकून मारली. रक्त डोळ्यावरून कागदावर गळलं. ती रडली नाही. पदर कपाळाला दाबून म्हणाली, “म्हणजे तुमच्याच.”

तर आता लिहितो. तुला सगळं ठाऊक आहे, तरी माझ्या अक्षरात तुझ्याकडं असू दे.

रझाकारांनी वडिलांना खळ्यावर भाल्यानं भोसकलं. पुढं लष्कर आलं, आणि चौथ्या दिवशी कुणीतरी म्हणालं की रझाकारांना खळं कासीम पिंजाऱ्यानं दाखवलं. कोण म्हणालं ते मी विचारलंही नाही. मला कुणीतरी हवाच होता. कुऱ्हाड घेऊन गेलो तर कासीम कापूस पिंजत बसलेला. तू मागून धावत आलास, ओरडत होतास, “भाऊ, नको! त्यानंच मला कापसाच्या ढिगात दडवलं व्हतं! त्यो नव्हं, भाऊ!”

मी ऐकलं, बन्सी. शब्दन्‌शब्द ऐकला. तरी घाव घातला. पहिला खांद्यावर बसला. दुसऱ्याच्या वेळी तू मध्ये हात घातलास, तुझी दोन बोटं कापसात पडली. तरी थांबलो नाही. तिसरा मानेवर. कासीम पिंजणावर कोसळला, त्यावरची तात तुटली, पाय झाडत राहिला. कापूस भिजत गेला आणि मला बरं वाटत होतं. हे बरं वाटणं अकरा वर्षांत चिठ्ठीवरही लिहवलं नाही.

गावानं तुझा हात बघितला आणि ठरवलं, मारणारा हाच. त्या दिवसांत पंचनामे कोण करत होतं? तू गप्प राहिलास. मीही राहिलो. तू पिशोरला गेलास, मी कचेरीत चिकटलो.

परवा दौलताबादला गेलो. कासीमची बायको हलीमा तेव्हा माहेरी होती म्हणून वाचली, ती अजून तिथंच राहते. छापण्याआधी तिला सांगायचं ठरवलं होतं. मी पान वाचून दाखवलं. ती म्हणाली, “बन्सी हर साल आता. जवार लाता, छप्पर के कवेलू फेरता. मैं एक बार पूछी, तूच मारा क्या? हव, मैंच, बोला. लई रोया. मैं उसकू माफ करी.”

मी हात जोडले.

“नक्को,” ती म्हणाली. “माफी एकच थी मेरे पास. वो दे दी.” आणि दार लावून घेतलं.

बन्सी, मला तुझा राग आला. खोटं कशाला सांगू? दारातून रस्त्यापर्यंत मी तुला शिव्या घालत आलो. मला वाचवता वाचवता माझ्या वाटणीचं तेवढंही तू नेलंस. मग पाणचक्कीच्या स्टॉपवर बसमधून उतरलो आणि भर रस्त्यात रडलो.

पान काल छापखान्यात दिलंय. नावानिशी, तिन्ही घावांसकट. पुस्तक निघालं की गाव तुझ्या दारात येईल, खरं का म्हणून विचारील. या वेळी गप्प बसू नकोस, माझ्यावर पांघरूण घालू नकोस. व्हय म्हण. भाऊनंच मारलं म्हण.

कासीम पिंजाऱ्याला मारणारा,
बद्रीनाथ