फ्रिजमधल्या डब्याला लागलेली लाल चिठ्ठी

तीर्थस्वरूप मावशीस वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा सध्या कागदावरच वाकले असं समज). तुझा गुडघा काय म्हणतो? काकांचा खोकला थांबला का? आम्ही मजेत आहोत. म्हणजे मी मजेत आहे, माझ्या अब्रूचं विचारू नकोस.

झालं असं, की सहावीच्या मुलांना अन्न सुरक्षित कसं ठेवावं ते शिकवायला मी संगणकावरचा एक ऑनलाइन खेळ शोधून काढला. त्यात आपण हॉटेल चालवायचं. हात धुतले, कच्चं-शिजलेलं वेगळं ठेवलं तर गिऱ्हाईक वाढतं, नाहीतर आजारी पडतं. आता पोरं हसताना दिसली म्हणजे शिकत नाहीत, अशी आमच्या मुख्याध्यापकांची ठाम समजूत. महिन्याभरात फरक दिसला नाही तर हा तास बंद, असं त्यांनी मला बजावलं. आठवड्यातला हा एकच तास असा, की ज्याला एकही मूल गैरहजर नसतं.

पहिल्या दिवशी कसं खेळायचं ते मीच दाखवायला गेले आणि तिथेच माती खाल्ली. वीस वर्षं स्वयंपाक करतेय, या तोऱ्यात कच्चं चिकन फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ठेवलं, रस्सा चाखला आणि तोच चमचा परत पातेल्यात घातला. तीन मिनिटांत माझी चाळीस गिऱ्हाइकं आडवी, हॉटेलला टाळं, आणि पडद्यावर एक हिरवा जंतू नाचून माझे आभार मानतोय. वर्गाने टाळ्या वाजवल्या (मीही वाजवल्या, करते काय). पण त्या दिवसापासून पोरं जी पेटली! वर्षभर तोंडातून शब्द न काढणारी एक मुलगी (वर्गात तिला घुमीच म्हणतात) फळ्यापाशी येऊन कप्प्यांचा क्रम सांगू लागली. मला इतका आनंद झाला की सांगायची सोय नाही.

चौथ्या आठवड्यात या मंडळींनी शिक्षकांच्या खोलीतला फ्रिज तपासायला घेतला. तिथल्या प्रत्येक डब्यावर वार लिहायचा, हा मुख्याध्यापकांचाच नियम. गुरुवारी एका डब्यावर 'सोमवार' सापडला, आत भात. मुलांनी वर लाल चिठ्ठी डकवली आणि नेमके मुख्याध्यापक चमचा घेऊन आत आले. डबा त्यांचाच होता. तास गेला, असं मी मनात धरूनच चालले. तेवढ्यात घुमी पुढे झाली.

"सर, तुम्ही हा खाल्लात तर उद्या बहुतेक आम्हाला सुट्टी मिळेल. पण खाऊ नका."

सरांनी डब्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि भात कचऱ्यात टाकला. पुढच्या आठवड्यापासून आमचे तास दोन झालेत. मधल्या सुट्टीत सरही खेळतात (अजून रोज टाळं लागतं).

काकांना नमस्कार, धाकट्यांना पापे.

तुझी भाची

ता. क. : पत्र खरं तर यासाठी. शनिवारी कुणाचं स्वयंपाकघर तपासायचं, यावर मुलांनी मतं घेतली आणि माझं एकमताने निवडून आलं. माझा फ्रिज तू पाहिला आहेस. शुक्रवारी पहिल्या गाडीने ये. तुझा गुडघा वगळून आणि माझी कंबर वगळून आपण दोघी मिळून एक धडधाकट बाई होतो.

ता. क. दुसरा : चाखलेला चमचा परत पातेल्यात घालायची विद्या मी तुझ्याच हाताखाली शिकले. मुलांसमोर तेवढं आवर.

ता. क. तिसरा : मुख्याध्यापकही जेवायला येणार आहेत. स्वतःचा डबा घेऊन.