चौथ्या मजल्यावरचं घर

बाबा, रायपूरजवळ बीरगावात घर मिळालं. सरकारी, सवलतीच्या भाड्याचं, पण चौथ्या मजल्यावर, आणि लिफ्ट बसवल्यापासून बंद. आईचे गुडघे तुम्ही होतात तेव्हाच गेले होते. आता ती जिना बसत बसत चढते आणि मागे उभी राहून मी तुमच्यावर चिडते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी भांडायला मला दुसरं कोणी सापडत नाही.

तुम्ही रिटायर झालात, रेल्वेचं क्वार्टर सोडायचं होतं, तेव्हाची गोष्ट. गोल बाजाराच्या मागे दोन खोल्या पसंत पडल्या होत्या. घरमालकिणीने किल्लीसुद्धा देऊन टाकली होती. आई ओट्याला वीत लावून शेगडी कुठे बसेल ते बघते आहे, खिडकीजवळची जागा माझी हे मी ठरवून टाकलं आहे, आणि तुम्ही, कोणी विचारलेलं नसताना, म्हणता, "दीदी, हम लोग बौद्ध हैं. बाद में मत बोलना कि बताया नहीं." बाईला लगेच आठवलं की तिचा दीर राहायला येणार आहे. किल्ली परत गेली. रस्त्यात मी म्हटलं, "काहून सांगितलं बाबा? तिनं विचारलं होतं का?" तुम्ही भर बाजारात ओरडलात, "मंग काय लपून राहाचं? चोर आहो का आपण?" मान तुमची ताठ राहिली, आणि आमचा संसार तुमच्या मित्राच्या व्हरांड्यात पडून राहिला. आईला काय हवं होतं, हे तुम्ही एकदा तरी विचारलंत का?

मी शहाणी झाले होते. आपण होऊन काही सांगत नव्हते. पण नवा रायपूरला माझ्या ऑफिसजवळ घरं बघायला गेले की घरमालक स्वतःच विचारायचे, "कौन समाज से हो?" मग "घर में पूछकर बताते हैं," आणि फोन बंद. नीच लोक. म्हणून सरकारी घरासाठी अर्ज केला. तिथे मालकच नाही, तर विचारणार कोण, असं मला वाटलं. मूर्ख मी.

तळमजल्यावर एक बाई राहते. तिच्या मुलाची उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात रातपाळी, आणि दिवसा गेटच्या गोंगाटात त्याला झोप लागत नाही. तिला वरचं घर हवं, आम्हाला खालचं. तुमच्या रेल्वेच्या भाषेत म्युच्युअल. दोघांची सही झाली की घरांचं सरकारी ऑफिस अदलाबदल मान्य करतं. परवा ती घर बघायला आली. नळ सोडून पाहिला, हवा आवडली म्हणाली. आईने तर मनातल्या मनात खाली भांडीही लावून टाकली असतील. निघता निघता बाई म्हणाली, "वैसे आप लोग कौन समाज से हो, दीदी?"

आपल्या आडनावावरून इथे कोणाला काही कळत नाही. काहीही सांगितलं असतं तरी खपलं असतं. आई डोळ्यांनी मला गप्प बस म्हणत होती.

"बौद्ध," मी म्हटलं. वर विचारलं, "क्यों?"

"हव," बाई होकारार्थी मान हलवत म्हणाली, "लड़के से पूछती हूँ." ती पुन्हा फिरकली नाही. तिचा मुलगा अजून त्याच गोंगाटात झोपतो. आई फक्त एवढंच म्हणाली, "बापावरच गेली पोट्टी," आणि तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार असतं तरी मी पाठवलं नसतं. तुम्ही खूश झाला असतात, आणि तेवढं सुख मला तुम्हाला द्यायचं नाही. पण खरं सांगते बाबा, त्या क्षणी आईचे गुडघे मला आठवलेसुद्धा नाहीत.