ड्रममधलं पाणी

मंगळवार, दिवेलागणीनंतर

माझे डिस्कस मासे काळे पडलेत. सगळ्यात मोठा, निळ्या पट्ट्यांचा, टाकीच्या कोपऱ्यात कलंडलाय, धापा टाकतोय. पाणी बदलून तासही झाला नव्हता. टेस्ट केली तर ट्यूबमध्ये गडद निळं. रोज फिकट पिवळं येतं. पीएच एवढा चढलाच कसा? दोन दिवस ड्रममध्ये ठेवलेलं नळाचंच पाणी होतं ना?

नव्हतं. खोदून विचारल्यावर सुधीर म्हणाला, "सकाळी वरच्या वहिनींकडे पाणीच नव्हतं गं. ड्रममधलं दिलं. मग सोसायटीत टँकर आला, तेव्हा परत भरून ठेवला."

टँकरचं, म्हणजे बोअरचं जड, चढ्या पीएचचं पाणी.

"मला सांगायचंस तरी!"

"तू कटकट केली असतीस. आणि पाणी पाणीच असतं ना? मेले तर नवे आणू."

नवे आणू! वहिनींना पाणी दिलं याचा राग नाही. मीही दिलं असतं. आता बदलायला मुरलेलं पाणी नाही, आणि पीएच एकदम उतरवला तर तेही माशांना सोसणार नाही. मोठा अजून तसाच कलंडलेला. बघत बसलेय.

राग कशाचा आहे ते आत्ता कळतंय. पहिली बादली ओतताना सुधीर चहा घेऊन मागेच उभा होता. म्हणाला, "आज टेस्ट नाही करत?" मी हसून म्हटलं, "आपल्याच ड्रममधलं तर आहे." त्याने मान डोलावली. मग कप खाली ठेवून दुसरी बादली स्वतः उचलून माझ्या हातात दिली.