नाथाचा दम आणि पंचाची शिट्टी

८ जानेवारी १९८९, रविवार. संध्याकाळ.
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. सुमतीला तर नाहीच.
डोंबिवलीला कबड्डीचे सामने. नाथा आमच्या कळव्याच्या मंडळाकडून खेळला, आठ गुण आणले, जिंकलो. नाथा म्हणजे माझ्या बायकोचा, सुमतीचा, धाकटा भाऊ. वय चोवीस, रेतीबंदरावर रोजंदारी. खाडीपट्ट्यातली एक रंगाची कंपनी व्यावसायिक गटात स्वतःचा संघ उतरवते आहे. त्यांचा माणूस पुढच्या रांगेत टिपणं घेत होता. दोन चढाईपटू घेणार, आणि घेतील त्यांना कंपनीत कायम नोकरी. नाथाचं जिच्याशी जमलंय त्या तुळसाच्या वडिलांनी सांगून ठेवलंय, आधी कायम नोकरी, मग हळद. म्हणजे नाथाचं लग्न त्या टिपणवहीत अडकलंय.
खेळ उत्तम. पण उच्चार. चढाईला गेला की नुसतं 'बडबडबडबड'. डब्यात भुंगा अडकल्यासारखं. 'क' नाही, 'ड्ड' नाही. ज्या भाषेसाठी मी टेंभी नाक्यावर पाऊण तास बोललो (एक श्रोता हलला नाही, दोन हलले ते म्हातारे होते), तिची ही दशा माझ्याच घरात. कंपनीचा माणूस सुशिक्षित दिसला. चष्मा होता.
संकल्प: नाथाला बोलायला शिकवणार.

९ जानेवारी, सोमवार.
वाचनालयात नोकरी असल्याचा हा एक फायदा. कपाटातून नियमांची पुस्तिका काढली. "कबड्डी हा शब्द एका श्वासात, स्पष्ट व अखंड उच्चारणे, यास दम म्हणतात." 'स्पष्ट' या शब्दाखाली लाल पेन्सिलने रेघ मारली. पुस्तक वाचनालयाचं आहे, पण सत्याखाली रेघ मारायला परवानगी लागत नाही.

१० जानेवारी. सकाळी सहा.
खाडीच्या काठावर पहिला पाठ. सांगितलं, वक्तृत्वाचं सगळं बळ विरामात. कबड्डी. विराम. कबड्डी. विराम. ऐकणाऱ्याच्या मनात शब्द मुरायला वेळ द्यावा. नाथा म्हणाला, "भावजी, तिथं ऐकाला कोन येतंय? सात जन मना धराला उभं असतात." मी म्हटलं, तेच तुझे श्रोते.
त्याने मान खाजवली. मुद्दा पटला.

१२ जानेवारी.
प्राचीन ग्रीसमध्ये एक तोतरा वक्ता तोंडात खडे धरून समुद्रासमोर बोलायचा. आपल्याकडे समुद्र नाही, खाडी आहे. खडे आहेत.
नाथाने एक गिळला.
सुमती दुपारपर्यंत बोलली नाही. मग बोलली. "माझ्या भावाचं आयुष्य बांधा म्हटलं होतं, पोटात पाया घालायला नव्हतं सांगितलं." बायकोला विनोदबुद्धी असणं हे सार्वजनिक कार्यकर्त्याला त्रासाचंच.

१५ जानेवारी, रविवार.
कळव्याच्या मैदानावर सामना. नाथा चढाईला गेला. कबड्डी. कबड्डी. एकेक शब्द कुंपणापर्यंत पोचला. टाळी मी पहिली वाजवली. आणि पंचाची शिट्टी. म्हणे दम तुटला.
चार चढाया, चार शिट्ट्या. चारदा बाद. बाकीच्या पोरांनी ओढूनताणून सामना काढला.
पंचाचं नाव भगवान नाखवा. चेंदणीचा. सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. किरकोळ माणूस, बोलतो इतका हळू की दोनदा विचारावं लागतं. अशीच माणसं विकली जातात.

१६ जानेवारी.
विचार केला. इतकी वर्षं नाथा 'बडबड' करत होता तेव्हा एकदाही शिट्टी नाही. शुद्ध बोलायला लागला, कंपनीचा माणूस समोर बसला, आणि लगेच चार. याला योगायोग म्हणणाऱ्याने म्हणावं.
माझा सिद्धान्त: जिथे खेळाडूला पगार, तिथे पंचाला पाकीट. खेळ हौशी होता तोवर पंच नुसते चुकायचे. व्यावसायिक झाला आणि चुकांना दिशा आली. हे वाक्य भाषणात घ्यायचं.

१८ जानेवारी.
मंडळाचा चिटणीस भिवाजी आला होता. त्याला सिद्धान्त सांगितला. चहा संपेपर्यंत ऐकला. मग म्हणाला, "पंढरीदादा, भगवान नाखवा स्वतःच्या मेव्हण्याला बाद देणारा मानूस हाय." मी विचारलं, त्याची सासुरवाडी कुठली. भिवाजीला माहीत नव्हतं, म्हणाला आंबिवलीकडची असेल. आणि येत्या रविवारी सामना कोणाशी? आंबिवलीशी.
भिवाजीला मी वहीत लिहून घेतल्याचं कळू दिलं नाही.

२२ जानेवारी, रविवार. आंबिवली.
हरलो. सहा शिट्ट्या.
या वेळी मी रेषेला लागूनच उभा होतो आणि नाथाला सारखी आठवण करून देत होतो. तरीही. सहाव्या शिट्टीला राहवलं नाही. मैदानात गेलो आणि बोललो. न्याय म्हणजे काय इथपासून सुरुवात केली. फ्रान्सच्या राज्यक्रांतीपर्यंत आलो तेव्हा आंबिवलीची पोरं मातीवर बसून शेंगा खात होती. सामना अठरा मिनिटं थांबला. नाखवा शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत उभा होता. शेवटी हळूच म्हणाला, "झालं का दादा? उजेड जातोय." ज्याच्याकडे उत्तर नसतं तो उजेडाचं सांगतो.
परतताना भिवाजीने सांगितलं, कंपनीच्या माणसाने त्याला बाजूला घेऊन विचारलं, या मुलाला दमा आहे का. टिपणवहीत नाथाच्या नावावर काट मारलेली भिवाजीने डोळ्यांनी पाहिली.
सुमती भांडी घासत होती. मी सांगितलं, काळजी करू नकोस, आता मी हे प्रकरण हातात घेतलंय. तिच्या हातून पातेलं पडलं.

२४ जानेवारी.
पंच मंडळाला तक्रार पाठवली. चौदा पानं. पहिली नऊ पार्श्वभूमी.

२५ जानेवारी.
भिवाजीने शोध लावला. नाखवाची बायको रंभा आंबिवलीची नाही. कळव्याची. आमच्याच आळीतल्या गंगुबाईची पुतणी. भिवाजी म्हणाला, आता सिद्धान्ताचं काय?
उलट भक्कम झाला. जावई सासुरवाडीवर खार खाऊन असतो हे कोणाला माहीत नाही?

२६ जानेवारी.
झेंडावंदनानंतर नाथा भेटला. चेहरा उतरलेला. तुळसाचे वडील दुसरीकडे चौकशी करू लागलेत. म्हणाला, "भावजी, मी पयल्यासारखा बोलू का? निस्ता येक सामना." मी समजावलं. आज तू पहिल्यासारखा बोललास तर शिट्टीला घाबरून बोललास असा अर्थ होईल. झुकायचं नाही. तो म्हणाला, "शिट्टी नाय वाजली तं झुकलो कसा?" तरुण पिढीला तत्त्व आणि सोय यांतला फरक कळत नाही.

२९ जानेवारी, रविवार. कल्याण.
पुरावा. शेजारचा आनंद मस्कतहून टू-इन-वन घेऊन आलाय, तो मागून आणला. रेषेजवळ ठेवून सगळा सामना टेप केला. पाच शिट्ट्या, पाचही स्वच्छ. हरलो, पण आता हरण्याला अर्थ आहे. कॅसेट उशाखाली ठेवली आहे. कोणाच्या हाती लागू देणार नाही.

३ फेब्रुवारी.
पंच मंडळाचं पत्र. रविवारी कल्याणला सुनावणी. माझ्या चौदा पानांनी खुर्च्या हलल्या. भाषण तयार. सुरुवात विरामाने करणार.

५ फेब्रुवारी, रविवार.
एकेक नोंद शांतपणे करतो.
सहा माणसं, एक टेबल. नाखवा कोपऱ्यात. मी, भिवाजी, नाथा. कॅसेट लावली.
आधी नाथाचा आवाज. "कबड्डी." मग काही नाही. मग दुसरा एक आवाज, जवळून, खणखणीत: "विराम घे, नाथा. घाई नको. श्वास घे." मग शिट्टी. मग तोच आवाज: "अन्याय."
असं पाच वेळा.
अध्यक्षांनी विचारलं, हा मधला आवाज कोणाचा. मी सांगितलं, माझा. एकाने रुमाल तोंडावर धरला. अध्यक्षांनी पुस्तिका उघडून ते वाक्य वाचलं, आणि 'अखंड' या शब्दावर बोट ठेवून ती माझ्याकडे सरकवली. त्यांच्या प्रतीत कुठेही रेघ नव्हती.
मी म्हटलं, कॅसेटमध्ये फेरफार झालेला असू शकतो. भिवाजी म्हणाला, "दादा, ती तुमच्या उशाखाली होती."
बाहेर आल्यावर नाखवा नाथाकडे गेला. माझ्यासमोर. म्हणाला, "पाय चांगला आहे तुझा. मधे थांबतोस कशाला रे?" नाथाने माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाला, "चूक झाली, काका."
काका.

६ फेब्रुवारी.
सुमती बोलत नाही. खड्याच्या वेळी दुपारी बोलली होती.

९ फेब्रुवारी.
वाचनालयात दिवसभर चौकशीला कोणी आलं नाही. स्पष्ट शब्दाचा अर्थ कोशात पाहिला. मीच बरोबर आहे. अखंडचा पाहिला नाही.

११ फेब्रुवारी.
नाथा खाडीवर येत नाही. भिवाजीने सांगितलं, तो रोज सकाळी चेंदणीला जातो. नाखवा दुकान उघडण्याआधी त्याचा सराव घेतो. शिवाय नाखवाने कंपनीच्या माणसाला गाठून सांगितलंय की पोराला दमाबिमा काही नाही, एकदा परत बघा. पुढच्या रविवारी, म्हणजे एकोणीसला, कंपनीच्या मैदानात चाचणी.
हा उघड पक्षपात. पंचाने एका खेळाडूची शिफारस करायची? मी भिवाजीला विचारलं, हे तुला चालतं? भिवाजी म्हणाला, मला चालतं, तुळसाला चालतं, सुमतीवहिनीला चालतं, तुम्ही तेवढे ऱ्हायलात. बहुमताने सत्य ठरत नसतं. नवी तक्रार लिहायला घेतली. दोन पानांवर थांबलो. शाई संपली.

१९ फेब्रुवारी, रविवार.
सुमती सकाळी म्हणाली, "तुम्ही जाऊ नका. नाथाने हात जोडून सांगितलंय." मी म्हटलं, मी वाचनालयात चाललोय. रविवारी वाचनालय बंद असतं हे दोघांनाही माहीत होतं.
कंपनीची भिंत उंच आहे. बाहेरच्या बाजूला उभा राहिलो. आत दिसत नव्हतं, ऐकू येत होतं. पाय आपटल्याचे आवाज, ओरडा, मग शांत. मग ती भुणभुण. बडबडबडबड. क नाही, ड्ड नाही. नाथाच.
का कोण जाणे, मीही श्वास धरला. म्हटलं पाहू, कोणाचा आधी तुटतो. मी सभेत चाळीस शब्दांचं वाक्य एका दमात घेणारा माणूस. भुणभुण डावीकडे गेली, उजवीकडे गेली, कोणीतरी धाडकन पडलं, भुणभुण चालूच. मी भिंतीला हात टेकला. मला खोकला आला. आत भुणभुण अजून चालू होती, आणि मग एकदम आरडाओरडा आणि टाळ्या.
शिट्टी वाजली नाही. संपूर्ण वेळात एकदाही नाही.
उच्चार अत्यंत अशुद्ध.

२५ फेब्रुवारी.
कंपनीचं पत्र. नाथा एक मार्चपासून कामावर. कायम. तुळसाच्या वडिलांनी निरोप पाठवला, हळद वैशाखात.
वस्तुस्थिती नोंदवून ठेवतो. माझ्या चौदा पानांच्या तक्रारीमुळे पंच वर्गावर दबाव आला. दबावामुळे नाखवा घाबरला. घाबरून त्याने नाथाची बाजू घेतली. चळवळीला यश आलं की श्रेय दुसऱ्याला जातं हा इतिहास आहे.
हे सुमतीला सांगितलं. ती हसली. एकोणीस दिवसांनी हसली, म्हणून मी पुढचं सांगितलं नाही.

५ मार्च, रविवार.
नाथाच्या नोकरीचं जेवण, आमच्या घरी. नाथाने परस्पर नाखवाला आमंत्रण दिलं. मी सुमतीला म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे, हा माणूस माझ्या घरात जेवणार असेल तर मी बाहेर जाईन. सुमती म्हणाली, "जा. जाताना टोपलीतल्या भाकऱ्या पंगतीत वाढून जा."
नाखवा आला. रंभाही आली, गंगुबाईच्या घरून चालत. कोलंबीचं कालवण होतं. पंगतीत सगळे बोलत होते. नाखवा जेवत होता. मी उभा होतो. भिवाजी म्हणाला, "दादा, चार शब्द बोला ना, तुमचा मेव्हणा कंपनीत लागला." सगळ्यांनी हात थांबवले. नाथानेसुद्धा. घाबरून थांबवला की काय, कळलं नाही.
माझ्याकडे वाक्य होतं. पार्श्वभूमीसकट होतं. नाथाकडे पाहिलं. नवा शर्ट, कंपनीचा. म्हटलं, कालवण गार होतंय.
भाकरीची टोपली घेऊन नाखवासमोर आलो. एक वाढली. घेतली. दुसरी वाढली. घेतली, म्हणाला, तांदूळ घरचा दिसतो. मी हो म्हटलं. तिसरी वाढायला वाकलो तर त्याने ताटावर हात आडवा धरला.
मी भाकरी परत टोपलीत ठेवली आणि पुढच्या ताटाकडे गेलो. तक्रार केली नाही.