अळणी मंगळवार

पुणे

आई, पाया पडतो.

माझी तब्येत बरी हाय. फोनवर सांगायचा धीर झाला न्हाय, म्हणून लिहितोय. धाकटी आरोही वाचून दाखवील.

परवा शरीरसौष्ठवाची स्पर्धा झाली. अंगाच्या शिरा उठून दिसाव्यात म्हणून आठवडाभर मीठ बंद होतं, शेवटी पाणीबी तोडलं. गोदामात पोती उचलताना डोळ्यापुढं अंधारी यायची, तरी म्या रजा घेतली न्हाय. स्टेजवर पहिलीच पोज दिली अन् पोटरीत असा गोळा आला की खालीच बसलो. दोघांनी धरून उतरवलं. कुणी हसलं न्हाय, तेच लई लागलं.

आता सगळं खायला मोकळा हाय, पण मीठ घातलेलं वरणबी गोड लागत न्हाय.

आरोही म्हणली, मंगळवारी तुला शेतात चक्कर आली. पोरगं जिंकेपर्यंत मंगळवारी अळणीच जेवीन, असं तू तुळजापूरच्या देवीला बोलली होतीस. अजून तसंच चालू हाय व्हय?

आई, मी आता जिंकत न्हाय. पुन्हा उभाच राहणार न्हाय. देवीला तसं सांग अन् येत्या मंगळवारी कालवणात मीठ घाल. घरात एकाच्या तरी तोंडाला चव राहू दे.

तुझा,
योगीराज